फोन माझा, मुभा कुणाची?

महोदय,

ट्रॅक्टर घेतला की त्याला कुठला नांगर जोडायचा हे कंपनी विचारत नाही. फोनचं मात्र उलटं होऊ घातलंय. ओळख नोंदवलेल्या डेव्हलपरचीच (अ‍ॅप बनवणाऱ्याचीच) अ‍ॅप अँड्रॉइडवर बसवता येतील, असं गूगलने ऑगस्ट २०२५मध्ये जाहीर केलं. सप्टेंबर २०२६पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये आणि २०२७पासून टप्प्याटप्प्याने जगभर. प्ले स्टोअरबाहेरची अ‍ॅपही यातून सुटत नाहीत.

माझ्या भाच्याने निफाडच्या आमच्या द्राक्षबागेतल्या फवारण्या टिपायला छोटं अ‍ॅप केलंय. वापरणारे आम्ही घरचे सात-आठ जण. त्यासाठी त्याने परदेशी कंपनीकडे नाव का नोंदवायचं?

फसवणूक रोखायला हा नियम, असं गूगल म्हणतं. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवायची फाइल, पाठवून भामटे लोकांची बँक खाती साफ करतात, हे खरं. पण खोट्या कागदांवर सिमकार्ड मिळवणारे इथे अडतील, असं मला वाटत नाही. अडेल तो हौशी पोरगा.

नोंद नसलेली अ‍ॅप बसवायला जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असं गूगलने नोव्हेंबर २०२५मध्ये म्हटलं होतं. ती सेटिंगच्या सतराव्या पानात दडलेली नसावी, आणि इशारे मराठीत असावेत.

– एक बागायतदार वाचक, नाशिक