गोठलेल्या स्क्रीनचा माग लावून दिल्याबद्दल आभार

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपले नाव जाहीर होऊ नये अशी आपली इच्छा असल्यामुळे हे पत्र नावाविना लिहीत आहे. आभार मात्र उघडपणेच मानायचे होते. माझ्या लिनक्स लॅपटॉपची स्क्रीन आठवडेच्या आठवडे व्यवस्थित चाले आणि एखाद्या दिवशी अचानक गोठे. गाणे चालू राही, दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने आत शिरता येई, फक्त समोरचे चित्र हलत नसे, आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये ‘फ्लिप डन टाइम्ड आउट’ एवढाच एक संदेश सापडे. नवी फ्रेम, म्हणजे पुढचे चित्र, स्क्रीनवर लागल्याची पोच १० सेकंद वाट पाहूनही आली नाही, इतकेच तो सांगतो. ती का आली नाही, याबद्दल चकार शब्द काढत नाही. दिवाळी अंकाच्या पानांची मांडणी ऐन भरात असल्यामुळे भेटेल तो जाणकार मला रॅम बदला, नाहीतर मशीनच बदला, असा सल्ला देत होता. ‘आधी लॉग नीट घेऊ’ असे म्हणणारे आपण एकटेच.

ग्राफिक्सच्या तक्रारींत नेहमी सुचवला जाणारा ‘डीआरएम डॉट डीबग’ हा पर्याय चालू केला की नोंदींचा पूर येई आणि बिघाड मात्र दडी मारून बसे. त्याचे कारण आपण ज्या सहजतेने उलगडलेत, ते मी अजून लोकांना सांगत असते. व्हीब्लँकचा इंटरप्ट, म्हणजे प्रत्येक फ्रेमअखेर हार्डवेअरकडून येणारी सूचना, कोणालाच नको असेल तर कर्नल साधारण ५ सेकंदांनी ती बंद करतो. लॉग पाहण्यासाठी उघडलेल्या टर्मिनलमध्ये ओळी सरकत होत्या, त्यामुळे स्क्रीन सतत नव्याने काढली जात होती, आणि ते ५ सेकंद कधी भरतच नव्हते. चोर पकडण्यासाठी रात्रभर अंगणात दिवा लावून बसावे, तसाच हा प्रकार! टर्मिनल मिटा, वरच्या पट्टीतल्या घड्याळाचे सेकंद दिसणे बंद करा आणि लॉग दुसऱ्या संगणकावरूनच वाचा, असे आपण लिहिलेत.

त्यानंतर आपण पाठवलेला पॅच, म्हणजे कर्नलच्या कोडमधला बदल, अगदी छोटा होता. इंटरप्ट सुरू होताना, बंद होताना, फ्रेमची पोच मागितली जाताना आणि ती दिली जाताना, अशा चारच ठिकाणी त्याने नोंद घातली, आणि तीही कर्नलमधून संदेश लिहिण्याचे नेहमीचे ‘प्रिंटके’ न वापरता ‘ट्रेस प्रिंटके’ वापरून. कारण पहिल्याची नोंद कन्सोलपर्यंत जाताना वेळ खाते आणि वेळेचे गणित बिघडवते, तर दुसऱ्याची थेट मेमरीतल्या बफरमध्ये जाते. माझ्या मते खरी हुशारी याच्या पुढची होती: टाइमआउट होताक्षणी ट्रेसिंग, म्हणजे बफरमध्ये नोंदी घेणे, थांबवण्याची ओळ आपण घातली होती. तो बफर गोल फिरत जुन्या नोंदींवर नव्या लिहितो, त्यामुळे ती ओळ नसती तर नेमका पुरावाच पुसला गेला असता.

स्क्रीन पुन्हा गोठली तेव्हा ट्रेसच्या शेवटी ‘पोच मागितली’ आणि लगेच खाली ‘इंटरप्ट बंद’ अशा दोन ओळी होत्या. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर दोन फ्रेममध्ये जेमतेम १६.७ मिलिसेकंद असतात, आणि नेमक्या त्याच फटीत इंटरप्ट बंद करणारा तो ५ सेकंदांचा टायमर येऊन पडला होता. इंटरप्ट चालू आहे एवढे पाहून ड्राइव्हर पोच मागत होता. परंतु पोच येईपर्यंत तो चालूच राहावा यासाठी जो संदर्भ, म्हणजे ‘हा अजून हवा आहे’ अशी खूण, धरून ठेवावा लागतो, तो एका वाटेवर धरलाच जात नव्हता. एवढ्यावर न थांबता आपण ५ सेकंदांची, म्हणजे ५००० मिलिसेकंदांची, ती मुदत २० वर आणून पाहायला सांगितलेत, तेव्हा स्क्रीन वारंवार गोठू लागली. शून्य केल्यावर, म्हणजे इंटरप्ट कधीच बंद होऊ न दिल्यावर, ती एकदाही गोठली नाही. स्क्रीन गोठल्याचा आनंद मला त्या एकाच दिवशी झाला.

दुरुस्तीच्या पॅचमध्ये संदर्भ आधी धरला जातो आणि डीबगसाठी घातलेल्या नोंदी त्यात नाहीत. त्या मी माझ्याकडे जपून ठेवल्या आहेत. अंक वेळेवर छापून झाला आहे. एक प्रत आपणांस पाठवायची आहे, तरी पत्ता कळवण्याची कृपा करावी.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
एक अंक-मांडणीकार