मुलांच्या फुटबॉल सरावातले हेडिंग थांबवा: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

गॉर्डन मॅक्वीन हे स्कॉटलंडचे फुटबॉलपटू, सेंटर हाफ म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी खेळणारे. लीड्स युनायटेड आणि मँचेस्टर युनायटेडकडून खेळले, देशासाठी 30 सामने. उंच चेंडू डोक्याने परतवणे, म्हणजेच हेडिंग, ही त्यांची रोजची भाकरी. 1977 मध्ये स्कॉटलंडने वेम्बलीवर इंग्लंडला 2-1 असे हरवले, तेव्हाचा त्यांचा गोलही डोक्यानेच होता. खेळ थांबल्यावर त्यांनी एअरड्रीचा संघ सांभाळला, पुढे मिडल्सब्रोमध्ये प्रशिक्षक झाले. 2021 मध्ये कुटुंबाने त्यांचा स्मृतिभ्रंश जाहीर केला आणि जून 2023 मध्ये ते गेले. मेंदूच्या तपासणीत सीटीई आढळला. डोक्याला वर्षानुवर्षे बसलेल्या दणक्यांशी जोडला जाणारा हा आजार.

आपल्याला हे कळवण्याचे कारण असे. बचावपटू बूट खुंटीला टांगतो आणि मुलांना शिकवायला उभा राहतो, तेव्हा ज्या कौशल्यावर त्याचे पोट भरले तेच तो आधी शिकवतो. त्यात त्याचा दोष नाही, त्यालाही कोणी तरी तसेच शिकवले होते. म्हणूनच ही गोष्ट प्रशिक्षकाच्या मर्जीवर सोडून चालत नाही. ती स्पर्धेच्या नियमपुस्तकात लागते.

ग्लासगो विद्यापीठाने 2019 मध्ये स्कॉटलंडच्या 7,676 माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू होण्याचे प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्यांच्या साडेतीन पट निघाले. 2021 मध्ये त्याच गटाने खेळाडूच्या मैदानावरच्या जागेनुसार फोड केली. गोलकीपरचा धोका सर्वसामान्यांइतकाच होता, बचावपटूंचा सुमारे पाचपट. मैदान तेच, संघ तोच, सरावाचे तासही तेच. फरक पडतो तो चेंडू डोक्यावर किती वेळा येतो याचा. हा अभ्यास व्यावसायिक पुरुषांचा आहे, शाळकरी मुलांचा नाही, हे मान्य. पण मुलांवरचा असा अभ्यास हाती यायला पन्नास वर्षे जातील, आणि तोवर आजची मुले म्हातारी झालेली असतील.

स्कॉटलंड थांबला नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये स्कॉटलंड, इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडच्या फुटबॉल संघटनांनी मिळून मार्गदर्शिका काढली. प्राथमिक शाळेच्या वयात सरावात हेडिंग शून्य. 12 वर्षांखालील गटाला महिन्यातून एक सत्र, त्यात जास्तीत जास्त 5 हेडर. 13 खालील गटाला आठवड्यातून एक सत्र, तेही 5 चेच. 14 ते 16 खालील गटांना आठवड्यातून एकदा, कमाल 10.

आता आपल्याकडचा नेहमीचा सराव पाहा. मुले रांगेत, सर समोरून चेंडू उडवतात, प्रत्येकाने डोक्याने परत करायचा. दिवसाला 10 हेडर, आठवड्यातून तीन दिवस, वर्षाचे 40 आठवडे धरले तरी एका मुलाचे 1,200 हेडर होतात. वर दिलेल्या मर्यादेत बारा खालच्या मुलाचे वर्षाला 60 भरतात.

त्यात चेंडूची गोष्ट वेगळीच. 5 नंबरचा चेंडू 410 ते 450 ग्रॅमचा, 4 नंबरचा 350 ते 390 ग्रॅमचा. नऊ ते बारा वयाला 4 नंबर हवा. पण शाळेच्या कपाटात असतो 5 नंबरच, कारण मोठ्या मुलांच्या स्पर्धेसाठी तोच लागतो. तो सायकलच्या पंपाने अंदाजाने भरतात. नियमातली हवा 8.5 ते 15.6 पीएसआय (हे दाबाचे माप). मुलांसाठी खालच्या टोकाशी ठेवावी, पण प्रेशर गेज नसल्यावर कळणार कसे? अंगठ्याने दाबून चेंडू टणक लागला की ‘चांगला भरलाय’ म्हणतात. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते, त्यामुळे त्याच चेंडूने त्याचे डोके मोठ्या माणसापेक्षा जास्त हिसकते.

हेडिंगशिवाय बचावपटू घडत नाही, असे आपल्याला सांगितले जाईल. घडतो. चेंडू हवेत असतानाच तो कुठे पडणार हे ओळखणे, फॉरवर्डच्या आणि गोलच्या मधे तिरके उभे राहणे, छातीवर किंवा मांडीवर चेंडू घेऊन थांबवणे: दहा वर्षांच्या मुलाला हेच यायला हवे. गोलकीपरने चेंडू लाथेने उडवण्याऐवजी हाताने सरपटत द्यावा, कॉर्नर जवळच्या पासने घ्यावा. मग हवेतले चेंडू आपोआप कमी होतात. हेडिंगचे तंत्र पुढे फुग्यावर, मग स्पंजच्या चेंडूवर, मग तीन मीटरवरून हाताने हळू फेकलेल्या चेंडूवर शिकवावे. कपाळ पुढे, डोळे उघडे, तोंड मिटलेले, मान ताठ. मूल घाबरून डोळे मिटते, की मान सैल पडते आणि चेंडू टाळूवर आदळतो. नेमके हेच रांगेतल्या सरावात होते, कारण तिथे चुकल्यावर कोणी थांबवत नाही.

आपल्या अखत्यारीतले काम थोडे आहे. शालेय स्पर्धा आपलेच क्रीडा व युवक सेवा संचालनालय भरवते. बारा वर्षांखालील मुलांच्या ज्या स्पर्धांना शासनाची मान्यता किंवा अनुदान असेल, तिथे सामन्यातही हेडिंग बंद करावे. इंग्लंडने लहान गटांत 2022 मध्ये हा प्रयोग सुरू केला. मुद्दाम हेडर मारला की समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावर थेट गोल करता येत नाही अशी. पंचाला नवे काही शिकावे लागत नाही. अनुदानाच्या साहित्यात 4 नंबरचे चेंडू आणि प्रेशर गेज घालावेत. क्रीडाशिक्षकांच्या उजळणी वर्गात या विषयाला दोन तास द्यावेत.

डोक्याला मार लागल्याची शंका आली, तर मूल त्या दिवशी परत मैदानात जाता कामा नये. ब्रिटनच्या 2023 च्या नियमावलीत त्यानंतर किमान 21 दिवस सामना खेळता येत नाही. आपल्याकडे पाणी शिंपडून, दोन मिनिटे सावलीत बसवून परत पाठवतात, आणि पोरगा शूर म्हणून टाळ्याही पडतात.

येत्या हंगामाचे परिपत्रक निघण्याआधी यावर निर्णय व्हावा, ही विनंती.

आपले,
शालेय फुटबॉलचे काही प्रशिक्षक