शुल्क माफ, पण खोलीचे भाडे?

महाविद्यालय ते नोकरी ही वाट सर्वांना खुली व्हावी म्हणून विभागवार अनुदान वाढवावे, असे सुचवणारा आपला अग्रलेख वाचला. मागणी रास्त आहे. पैसा नेमका कशावर खर्चावा, याबाबत मात्र लेख मोघम राहिला.

केंद्राच्या पीएम-उषा या उच्च शिक्षणासाठीच्या योजनेत 2023-24 ते 2025-26 या काळासाठी सुमारे 12,926 कोटी रुपयांची तरतूद होती. महाविद्यालयांच्या बळकटीकरणाला त्यातून प्रत्येकी 5 कोटींपर्यंत मिळत. मध्य प्रदेश राज्याची मेधावी विद्यार्थी योजना उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या, राज्य मंडळाच्या बारावीत किमान 70 टक्के मिळवणाऱ्यांचे शुल्क भरते. (69 टक्केवाल्याला फाटकातच अडवतात, ते वेगळेच.) पण झाबुआ, अलीराजपूरहून इंदुरात येणाऱ्या मुलांचे पैसे शुल्काच्या खिडकीवर नव्हे, भंवरकुआ या विद्यार्थीवस्तीच्या खोलीभाड्यात आणि डब्यात संपतात. एका खोलीत तिघे, टेबल एकच, अभ्यास पाळीपाळीने. महिनाअखेरीस डबाही दोघांत एक. शेवटच्या वर्षी इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात शिकाऊ म्हणून जायची संधी आली, तर रोजचे बसभाडे आडवे येते. शुल्कमाफी मिळूनही मुले मधेच गावी परततात, ती अशाने.

तेव्हा नव्या अनुदानातला निम्मा वाटा वसतिगृह, भोजन आणि प्रशिक्षणकाळातील प्रवासखर्च यांसाठी आधीच राखून ठेवावा. उरलेल्यात इमारतींची खुशाल रंगरंगोटी करावी.

– एक वाचक, सुदामानगर, इंदूर