राजवाड्याच्या भिंतीवरचे सिंह

महोदय,

रविवार पुरवणीतला इस्लामी वास्तुकलेवरचा लेख आवडला. मात्र ‘सजीवांच्या आकृती निषिद्ध असल्याने कारागीर वेलबुट्टीकडे वळले’ हे त्यातले विधान खटकले. मशिदींच्या बाबतीत ते बहुतांशी खरे आहे. राजवाड्यांना ते लागू होत नाही, आणि हा समज आपल्याकडे इतका रुजला आहे की लिहिल्यावाचून राहवले नाही.

जॉर्डनमध्ये अम्मानच्या दक्षिणेला म्शत्ता नावाचा राजवाडा आहे. उमय्यद घराण्यातला खलिफा दुसरा वलीद याने तो बांधायला घेतला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. 744 साली त्याची हत्या झाली आणि काम अर्धवट राहिले. राजवाड्याच्या दर्शनी भिंतीवर चुनखडीच्या दगडात करवतकाठी पट्टा कोरलेला आहे. त्यातून तयार झालेल्या प्रत्येक त्रिकोणात एक मोठे फूल आणि भोवती द्राक्षवेल. कोरीवकाम इतके खोल की वेल दगडापासून सुटून आल्यासारखी दिसते. या वेलींत पक्षी द्राक्षे टिपतात, सिंह आणि पंख असलेले काल्पनिक प्राणी एखाद्या भांड्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे असतात. पण हे सारे दरवाजाच्या डाव्या हाताला! उजवीकडे नुसत्या वेली. अभ्यासक याचे कारण देतात ते असे, की भिंतीच्या त्या भागामागे राजवाड्यातली मशीद होती. एकाच भिंतीवर, एकाच काळातल्या कारागिरांनी जागा पाहून काय कोरायचे ते ठरवले.

दुर्दैवाने हे आज एकाच जागी उभे राहून डोळ्यांनी ताडून पाहता येत नाही. तुर्की (ऑटोमन) साम्राज्याचा सुलतान अब्दुल हमीद दुसरा याने 1903 साली या कोरीव भिंतीचा मोठा भाग जर्मन सम्राटाला भेट दिला. भिंत बर्लिनच्या संग्रहालयात गेली, मशिदीचे अवशेष जॉर्डनमध्येच राहिले.

म्शत्ता हा अपवादही नव्हे. तुर्कस्तानात कोन्याच्या तेराव्या शतकातल्या तटबंदीवर पंखधारी देवदूत होते, आपल्या गंडभेरुंडासारखा दोन तोंडांचा गरुड होता. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचे? बिदरच्या किल्ल्याच्या शर्झा दरवाजावर बहमनी काळात, 1503 साली, कोरलेले दोन वाघ आजही येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतात.

पुरवणीत केवळ राजवाड्यांच्या कोरीवकामावर एक लेख जरूर द्यावा, आणि त्यासोबत म्शत्ताच्या डाव्या-उजव्या भागांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापावीत, ही विनंती.

— एक वाचक, लातूर