तुआतारा सरडा नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत न्यूझीलंडच्या तुआतारा या सरपटणाऱ्या प्राण्यावरचे टिपण वाचले. चित्र सुरेख, पण त्याखालच्या 'डायनासोरच्या काळापासून न बदललेला तीन डोळ्यांचा सरडा' या एका ओळीला मी पास करू शकत नाही. (जीवशास्त्र शिकवण्यात हयात गेली, लाल पेन सुटत नाही.)

तुआतारा सरड्यासारखा दिसतो हे कबूल. ब्रिटिश म्युझियममध्येही आधी त्याला सरड्यांतच ढकलले होते. १८६७ मध्ये तिथल्याच प्राणिशास्त्रज्ञ अल्बर्ट ग्युंथर यांनी त्याची शरीररचना बारकाईने तपासून त्याला वेगळ्या गणात बसवले. त्या गणातला आज हा एकटाच शिल्लक आहे. साप-सरड्यांपासून त्याची वाट सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी फुटली. त्याचे दात पाहा: वरच्या जबड्यात दोन ओळी, खालची एक ओळ त्यांच्या मधल्या फटीत बसते. तोंड मिटले की खालचा जबडा पुढे सरकतो आणि तोंडातला किडा करवतल्यासारखा कापला जातो. दात हाडालाच जुळलेले, झिजले की नवे येत नाहीत. म्हातारा तुआतारा मग गांडुळांसारख्या मऊ खाण्यावर येतो.

तिसरा डोळा खरा, पण तो बऱ्याच सरड्यांनाही असतो. तुआताराच्या पिल्लात तो डोक्यावर दिसतो, काही महिन्यांत खवल्यांखाली झाकला जातो. आणि 'न बदललेला' म्हणाल, तर त्याच्या नामशेष भाऊबंदांत समुद्रात पोहणारे होते, झाडपाला खाणारेही होते.

जागा द्यायचीच होती, तर त्याच्या अंड्यांना द्यायची. मादी दोन ते पाच वर्षांतून एकदा अंडी घालते. ती उबायला वर्षभर किंवा जास्तच लागते. नर की मादी हे मातीचे तापमान ठरवते. साधारण २२ अंशांच्या वर बहुतेक नरच निघतात. नॉर्थ ब्रदर या चिमुकल्या बेटावर नर आताच माद्यांपेक्षा बरेच जास्त झाले आहेत, आणि बेटावरचा प्राणी थंड जागा शोधत जाणार कुठे? हवेतली वाढती उष्णता त्याच्या वंशाच्या मुळावर येते ती अशी.

न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकार्गिल शहराच्या संग्रहालयातला हेन्री नावाचा तुआतारा मात्र २००९ मध्ये, वयाच्या सुमारे १११ व्या वर्षी बाप झाला. ही बातमी आपल्याकडून कशी निसटली?

दुरुस्ती छापाल तेव्हा चित्र तेच ठेवा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, सांगली