पोलोतल्या कॅमेऱ्याबद्दल

रत्नागिरी

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. कोइमतूरजवळच्या करीच्या रेस ट्रॅकवर पोलो गाडी न्यायची आहे, आत कॅमेरा लावायचा आहे, तर कुठला घेऊ, असं विचारतोस. तीन पानांत सात कॅमेऱ्यांची नावं लिहिलीस, पण तो बसवायचा कशावर, याची एक ओळ नाही. म्हणून मी उलट्या टोकाने सुरू करतो. कॅमेऱ्यात चार-पाच हजार कमी घाल, पण क्लॅम्पमध्ये, म्हणजे तो धरून ठेवणाऱ्या पकडीत, कंजुषी करू नको.

तुझ्या गाडीत रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणारा नळ्यांचा पिंजरा आहे, तेव्हा क्लॅम्प केजच्या नळीलाच. आधी व्हर्निअरने नळीचा बाहेरचा व्यास मोज. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमाने बांधलेल्या केजची मुख्य कमान ४५ किंवा ५० मिलिमीटरची असते, बाकीच्या नळ्या ३८ किंवा ४० च्या. दोन मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण ४० चा क्लॅम्प ३८ वर गरगर फिरतो. केजला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करून पट्टी लावायची नाही. त्याने नळी तिथे कमजोर होते आणि तपासणीतच गाडी बाजूला निघते.

सायकलच्या हँडलला लावायचा प्लॅस्टिकचा क्लॅम्प यासाठी घेऊ नको. कुडाळच्या एमआयडीसीत एखाद्या लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्याचा दोन तुकड्यांचा करून घे, रुंदी २५ मिलिमीटर. बोल्ट आवळल्यावर दोन्ही तुकड्यांमध्ये मिलिमीटरभर फट उरली पाहिजे. तुकडे एकमेकांना टेकले तर समज, ते एकमेकांना धरतायत, नळीला नाही. आत सायकलच्या ट्यूबचा एकच थर घाल. जाड रबर घातलं की कंप मरतो हा गैरसमज आहे. मऊ रबरावर कॅमेरा उलट जास्त डुलतो.

क्लॅम्पपासून कॅमेऱ्यापर्यंतचा हात, म्हणजे मधली दांडी, जेवढा आखूड तेवढा बरा. हाताची लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोराने तो आठपट वाकतो. शिवाय मध्ये जितके सांधे तितक्या ढिल्या जागा. बसवून झालं की कॅमेऱ्याला बोटाने टिचकी मार. तो जागच्या जागी गप्प राहिला पाहिजे, थरथरत राहिला तर हात आणखी कापायचा.

आता बोल्ट, कारण बहुतेक जण इथे फसतात. कॅमेऱ्याच्या बुडाचं ट्रायपॉडचं भोक पाव इंची असतं, इंचाला २० आटे. हार्डवेअरच्या दुकानात नुसता ‘छोटा बोल्ट’ मागितलास तर एम ६ हातात पडेल. तो ६ मिलिमीटरचा, पाव इंच म्हणजे ६.३५, आणि आट्यांचं अंतरही वेगळं. दोन फेरे बसल्यासारखा वाटतो आणि जोर पडला की आटे घेऊन बाहेर येतो. ते भोक खोलही फार नसतं, लांब बोल्ट बुडाला टेकतो आणि बॉडीला तडा जातो. गोप्रो कंपनीच्या कॅमेऱ्याच्या दोन-तीन पाकळ्यांच्या जोडाला एम ५ लागतो. तिथला हाताने फिरवायचा स्क्रू काढून टाक, एम ५ चा अ‍ॅलन बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, कंपाने न सुटणारा) घाल. लॉकटाइट, म्हणजे आटे पक्के करणारा गोंद, लावायचा मोह होईल, पण प्लॅस्टिकजवळ तो नको. त्याने प्लॅस्टिकला बारीक तडे जातात आणि पाकळी नेमकी ट्रॅकवर तुटते. आवळून झालं की बोल्ट आणि क्लॅम्पवरून पेंट मार्करची एक सरळ रेघ ओढ. प्रत्येक सेशननंतर रेघ तुटली का, एवढंच बघायचं.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत साधे बोल्ट एका पावसात गंजतात. इथे मिरकरवाड्याकडे बोटींचं सामान मिळतं, तिथे ३१६ स्टेनलेस माग. ते अ‍ॅल्युमिनियममध्ये बसवताना थोडं ग्रीस लाव, नाहीतर दोन धातू आणि मीठ मिळून अ‍ॅल्युमिनियमला पांढरी बुरशी आल्यासारखं होतं आणि बोल्ट आतच चिकटतो.

सेफ्टी वायर लावच. दीडशे ग्रॅमचा कॅमेरा, पण धडकेत २५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २५ पट जोर धरला तर त्याचं ओझं पावणेचार किलो होतं, आणि समोर तुझी मान. दीड-दोन मिलिमीटरची स्टेनलेस वायर रोप घे, टोकं क्रिम्पने, म्हणजे वायरवर चेपून बसवायच्या धातूच्या नळीने दाब. मासेमारीची नायलॉन दोरी नको. ती ताणते, आणि गाठीशी तुटते. वायरचं एक टोक थेट कॅमेऱ्याच्या फ्रेमला, दुसरं केजला. क्लॅम्पलाच बांधलीस तर क्लॅम्पसकट कॅमेरा येईल. लांबी इतकीच की सुटलेला कॅमेरा हेल्मेटपर्यंत पोचू नये.

काचेवरचा सक्शन कप मी मुख्य माउंट म्हणून धरतच नाही. समुद्राकाठच्या काचेवर मिठाचा पातळ थर असतो, त्यावर तो रात्रीत सुटतो. उन्हात रबर मऊ पडतं ते वेगळंच. चिकट पॅड वापरायचा झाला तर व्हीएचबी ही जाड दुहेरी चिकटपट्टी, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून. पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. आदल्या रात्री चिकटवून सकाळी ट्रॅकवर जायचं काम नाही. डॅशबोर्डला चकचकीत करणारं सिलिकॉन पॉलिश मारलं असशील तर त्यावर काही चिकटणार नाही. हेल्मेटवर कॅमेऱ्याचा विचारही करू नको. हेल्मेट ज्या आकारात तपासलं जातं त्याच आकारात ते वाचवतं, आणि बहुतेक आयोजक ते चालू देत नाहीत.

जागा दोन सीटच्या मधोमध, मागच्या आडव्या नळीवर, लेन्स तुझ्या कानाच्या उंचीला. हात, स्टिअरिंग, गिअर आणि टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) फ्रेममध्ये आले पाहिजेत, क्षितिज वरच्या तिसऱ्या भागात. मग हेल्मेट घालून, बेल्ट आवळून बस आणि डोकं चारही बाजूंना हलव. जिथवर ते पोचतं त्याच्यापुढे आणखी वीतभर मोकळं हवं. कॅमेरा उलटा टांगलास तर चित्राची दिशा सेटिंगमध्ये पक्की कर, आपोआपवर सोडू नको.

आता कॅमेरा. १०८०पी आणि सेकंदाला ६० फ्रेम देणारा चांगला अ‍ॅक्शन कॅमेरा पुरतो, ४के ची चैन नको. ताशी १२० ला गाडी सेकंदात ३३ मीटर जाते. ३० फ्रेमला दोन चित्रांमध्ये १ मीटर १० सेंटिमीटर निसटतात, ६० ला अर्धा मीटर. एपेक्स, म्हणजे वळणाच्या आतल्या कडेचा बिंदू, चुकला की नाही हे बघायचं असेल तर हा फरक मोठा आहे.

स्टॅबिलायझेशन, म्हणजे चित्राचे हादरे घालवायची सोय, बंद कर. दुकानदार नेमकं तेच कौतुकाने दाखवील. त्यातला जायरो, म्हणजे फिरणं मोजणारा सेन्सर, गाडीचं वळण म्हणजे हाताचा धक्का समजतो आणि चित्र उलटीकडे सरकवतो. मग रस्ता स्थिर आणि स्टिअरिंग जेलीसारखं डुलणारं. मात्र क्लॅम्प ढिला असला तर सरळ खांब नागमोडी दिसतात, ते वेगळं दुखणं. सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, तेवढ्यात कॅमेरा हललेला असतो. त्याला सेटिंगमध्ये औषध नाही, क्लॅम्पच घट्ट करायचा.

आत अंधार, बाहेर लख्ख ऊन, त्यामुळे रस्ता पांढरा फटक येतो. एक्स्पोजर अर्ध्या पायरीने खाली घे. डॅशबोर्डवर काळं फेल्ट टाक, म्हणजे काचेत प्रतिबिंब पडणार नाही. उजेड कमी करणारी एनडी फिल्टरची काच लावू नको, शटर मंदावतो आणि तुला हवा तो तपशील धूसर होतो.

वीज गाडीतून घेऊ नको. स्टार्टर मारताना व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद होतो. गाडीची सगळी वीज तोडणारा किल स्विच दाबला तर चालू फाइल अर्धवट राहते. सेशन १५-२० मिनिटांचं, एक भरलेली बॅटरी सहज पुरते. तीन बॅटऱ्या ठेव आणि वाय-फाय बंद कर. बंद गाडीत उन्हात कॅमेरा ठेवलास तर तो तापून ऐन वेळी बंद पडेल. मेमरी कार्ड व्ही ३० या वेगाच्या दर्जाचं, ६४ जीबी. सेकंदाला ६० मेगाबिटने तासाला २७ जीबी जातात, म्हणजे सव्वादोन तास. फॉरमॅट कॅमेऱ्यातच कर.

लॅप टाइम हवा असेल तर फोनच्या जीपीएसवर भरवसा नको. तो साधारण सेकंदाला एकदाच जागा सांगतो, म्हणजे ३३ मीटरला एक ठिपका. करीचा लॅप २.१ किलोमीटरचा, तिथे हे कुचकामी. रेसबॉक्स मिनी हा वेगळा जीपीएस सेकंदाला २५ ठिपके देतो आणि रेसक्रोनो या लॅप मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये जोडता येतो. त्याला डॅशवर ठेव, वर आकाश दिसेल असा, आणि तोही बांधून. कॅमेऱ्यातलाच जीपीएस वापरणार असशील तर लक्षात ठेव, गोप्रोने तो हिरो १२ मधून काढला होता, १३ मध्ये परत आणला.

घरी कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवू नको, पीठ पोर्टमध्ये जातं. हवाबंद डबा आणि सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतायचं. पावसाळ्यात हे टाळलंस तर लेन्समध्ये बुरशी धरते. एसी गाडीतून बाहेरच्या दमट हवेत काढलास तर दहा मिनिटं थांब, काचेवरचं धुकं जाऊ दे.

निघण्याआधी हातखंब्यापासून पालीपर्यंत नेहमीच्या वेगाने एक फेरी मार आणि रेकॉर्डिंग घरी मोठ्या पडद्यावर बघ. ट्रॅकवर पोचलास की स्क्रूटिनीच्या, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या वेळी क्लॅम्प आणि वायर स्वतःहून दाखव, त्यांनी विचारायची वाट पाहू नको.

नळीचं माप आणि मागच्या आडव्या नळीचा फोटो पाठव. तोवर वायर रोप दोन मीटर आणि क्रिम्पच्या नळ्या इथून घेऊन ठेवतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
दिगू