तिकडे अभ्यासक्रम कोण ठरवतं, असं विचारलंस ना

प्रिय वैशाली,

फोनवर तू विचारलंस की अमेरिकेत अभ्यासक्रम नक्की ठरवतं कोण, आणि मी घाईघाईत काहीतरी सांगून मोकळी झाले, पण ते डोक्यातून जाईना. म्हणून आता नीट लिहिते, शाळेच्या कामातून वेळ मिळेल तसं वाच.

आपल्याकडे कसं, बालभारतीनं पुस्तक काढलं की स्टेट बोर्डाच्या शाळांत गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत तोच धडा. इथे न्यू जर्सीत राज्य फक्त स्टँडर्ड्स देतं, म्हणजे अमुक इयत्ता संपेपर्यंत मुलाला काय काय आलं पाहिजे ते. मग पुस्तक कुठलं घ्यायचं, कुठला भाग आधी, किती आठवडे, हे सगळं स्कूल डिस्ट्रिक्ट बघतं (आपला जिल्हा नव्हे, साधारण एखाद्या गावाच्या शाळा चालवणारी संस्था), आणि या एवढ्याशा राज्यात असे 600 च्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत गं! आमच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकच बसून करिक्युलम लिहितात (त्याचे वेगळे पैसे मिळतात, हे तुला मुद्दाम सांगते), आणि मग ते मंजुरीला बोर्ड ऑफ एज्युकेशनपुढे येतं. बोर्ड म्हणजे गावातलीच निवडून आलेली 9 माणसं, 3 वर्षांची टर्म, मानधन काही नाही.

मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की ही मंजुरी सगळ्यांसमोर होते. 1975 चा कायदाच आहे तसा, मीटिंग उघडी हवी, तारीख आणि विषय आधी जाहीर हवेत आणि लोकांना बोलायला वेळ हवा. हायस्कूलच्या कॅफेटेरियात खुर्च्या मांडतात, मध्ये एक माइक, टेबलावर टायमर. 3 मिनिटं मिळतात, नाव आणि गाव सांगायचं आणि बोलायचं. मग ठराव, अनुमोदन, आणि सेक्रेटरी एकेकाचं नाव घेते, तो माणूस तोंडानं यस किंवा नो म्हणतो. कोणी कशाला हो म्हटलं ते कायमचं रेकॉर्डवर.

मी पण बोलले बरं का. आम्ही अजून ग्रीन कार्डच्या लाइनीत, त्यामुळे बोर्डाच्या निवडणुकीत मला मत नाही, पण घराचा प्रॉपर्टी टॅक्स भरतो आणि त्यातला मोठा वाटा शाळांनाच जातो. माइकवर कोणी सिटिझनशिप विचारत नाही. 2022 मध्ये राज्यानं कायदा केला की एशियन अमेरिकन लोकांचा इतिहास शाळेत शिकवायचा, आणि आमच्याकडे तो सगळा मे महिन्यात कोंबलेला होता (मे हा इथे एशियन अमेरिकन वारशाचा महिना मानतात), पोस्टर लावा, एक गोष्ट वाचा, झालं. मी म्हटलं, रेल्वे बांधणाऱ्या चिनी मजुरांबद्दल शिकवायचं तर ते रेल्वेच्या धड्यात शिकवा, मे ची वाट कशाला बघता. हात थरथरत होते पण पूर्ण बोलले. पुढच्या करिक्युलममध्ये ते वर्षभरात विभागून आलं, आणखी पालकही तेच म्हणत होते म्हणून आलं असणार.

आता तुझा विषय, नागरिकशास्त्र. इथे 2021 मध्ये लॉरा वूटेन यांच्या नावानं कायदा झाला. ही बाई न्यू जर्सीतलीच, 79 वर्षं मतदान केंद्रावर काम करत होती, विचार कर! त्या कायद्यानं मिडल स्कूलमध्ये (सहावी ते आठवी) निदान अर्धं वर्ष सिव्हिक्स सक्तीचं केलं, 2022-23 पासून, आणि शिक्षकांना मदत करायची जबाबदारी रटगर्स विद्यापीठातल्या सेंटरवर दिली. आपल्यासारखं ‘राष्ट्रपतीची पात्रता लिहा’ एवढंच नसतं. माझ्या रेवाच्या वर्गाला सांगितलं की गावातला एक प्रश्न शोधा आणि तो नक्की कोणाचा आहे ते काढा. त्यांच्या ग्रुपनं लायब्ररीसमोरचा रस्ता घेतला, कारण तिथे क्रॉसवॉक, म्हणजे रस्ता ओलांडायचे पट्टे, नाहीत आणि पोरं धावत पलीकडे जातात. टाउन कौन्सिलला पत्र लिहिलं, उत्तर आलं की रस्ता आमचा नाही, काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखं) आहे. मग पोरांना कळलं की खांबावरची ती निळी पंचकोनी पाटी, पिवळा नंबर असलेली, म्हणजे काउंटीचा रस्ता. ती पाटी मी इतकी वर्षं बघतेय, मला कुठे माहीत होतं! मग काउंटीला दुसरं पत्र, या वेळी गाड्या मोजून, शाळा सुटायच्या वेळेचा तक्ता जोडून. क्रॉसवॉक अजून झालेला नाही, अभ्यास करतो म्हणालेत. मार्क क्रॉसवॉकला नव्हतेच, पुरावा कसा मांडला आणि पत्र योग्य दारात गेलं का, याला होते.

सगळं गोडच आहे असं नाही हं. शाळेचा पैसा घरांच्या टॅक्समधून येतो म्हणजे श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत, गरीब गावांसाठी कोर्टात वर्षानुवर्षं भांडावं लागलं तेव्हा राज्यानं हात सैल केला. बोर्डाच्या निवडणुकीला मतदान अगदी थोडं होतं, आणि ज्यांच्याकडे संध्याकाळी 7 ला यायला वेळ आहे त्यांचंच जास्त ऐकलं जातं, गोदामात रात्रपाळी करणारी आई तिथे कधीच दिसत नाही. इथल्याच न्यूअर्क शहरानं मात्र एक फार चांगलं केलं, बोर्डाच्या निवडणुकीत 16-17 वर्षांच्या मुलांना मत दिलं, 2025 मध्ये त्यांनी ते पहिल्यांदा टाकलं. ज्यांची शाळा त्यांचं मत, मला तर हे सगळीकडे व्हावंसं वाटतं.

तुझ्याकडे शाळा व्यवस्थापन समिती आहेच की, कायद्यानं त्यात 75 टक्के पालक. तूच सांगत होतीस की पालक येतात आणि रजिस्टरवर सही करून जातात. पण तुझी सातवीची पोरं हुशार आहेत गं, शाळेसमोरचा तो खड्ड्यांचा रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की बांधकाम खात्याचा, एवढं त्यांना शोधायला लाव. आणि 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत त्यातल्या एखाद्या पोरीला उभी करून विचारायला लाव, सरपंच नाही म्हणणार नाहीत. रेवाच्या ग्रुपची दोन्ही पत्रं मी तुला व्हॉट्सॲप करते, मराठीत करून. तुमच्या रस्त्याचं काय निघालं ते कळव, त्यांच्या वर्गाला पण ऐकायचंय.

काकूंना नमस्कार सांग, गुडघा कसा आहे त्यांचा?

तुझी,
शिल्पा